एकाच भागाची मंजुरी

माझा माझ्या रेकॉर्ड प्लेअरवरचा विश्वास उडाला तो माझ्या पत्नीमुळे, हे आरंभीच नमूद करतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको. उमरखेडला न्यायालयाच्या कचेरीत उभी हयात घालवून मी निवृत्त झालो. त्याच्या पुष्कळ आधीपासून आमचा एक क्रम होता. दिवेलागणीनंतर समोरच्या खोलीत गझलांची तबकडी लावायची, मी माझ्या खुर्चीत बसायचे आणि तिने दाराजवळच्या दिवाणावर, मांडीवर डाळ-तांदूळ निवडायचे ताट घेऊन. गेल्या दिवाळीत मुलीने तिला फोनला लावायचे इअरफोन आणून दिले. पंधरा दिवसांत ती स्वयंपाकघरात बसून गाणी ऐकू लागली. वेगळी गाणी असती तर मी गप्प बसलो असतो. तीच गाणी होती, आणि त्याच वेळी ती माझ्या खोलीत वाजत होती.

मी खुलासा मागितला. "फोनात जास्त ऐकू येते," एवढाच खुलासा मिळाला.

माणूस एकट्याने गझल ऐकू शकतो, हे मला मान्य आहे. पण इतकी वर्षे एखादी जागा चांगली आली की मी दिवाणाकडे पाहत असे आणि ती ताटातून मान वर करीत असे. आता मी पाहत होतो आणि समोर नुसता गिरदा होता. त्या गिरद्याने मला फार संताप आणला. तळहाताएवढ्या फोनाने माझ्या यंत्राला हरवावे, तर यंत्रातच काहीतरी बिघडले असले पाहिजे, असे मी अनुमान काढले आणि एखादा भाग बदलून नवा, अधिक चांगला बसवावा असा प्रस्ताव घरात मांडला.

"बदला," ती म्हणाली. "पण एकच. घराचं दुकान नका करू."

मंजुरी एका भागाची. प्रश्न असा की तो कोणता. सुई, अ‍ॅम्प्लिफायर, की स्पीकर? मी नागपूरच्या एका दुकानाला दोन पानी पत्र लिहिले. त्यात यंत्राचा इतिहास, खोलीची लांबी-रुंदी आणि तक्रारीचे स्वरूप क्रमवार दिले व शेवटी 'नेमका कोणता भाग बदलावा' अशी पृच्छा केली. उत्तर आले, 'सर्वच बदलणे उत्तम.' प्रश्न 'कोणता' असा असताना 'सर्व' हे उत्तर होऊ शकत नाही, हे मी त्यांना परत पत्राने कळवले. त्यावर त्यांनी मौन पत्करले. मौन म्हणजे कबुली, असे मी तिसऱ्या पत्रात लिहिले. दुसऱ्या एका विक्रेत्याने फोनवर सांगितले की फक्त तारा बदला, आवाजाचा रंग उजळेल. सध्याचा रंग कोणता आणि उजळल्यावर कोणता होईल हे लेखी द्या, म्हटल्यावर त्या गृहस्थाने फोन ठेवला. या देशात विकणारा इतका वाचाळ आणि लिहून द्यायला इतका भित्रा का असतो, हे मला कचेरीतही कधी उमगले नाही.

शेवटी मी बसस्टँडजवळच्या मेकॅनिककडे गेलो. सगळे गाव त्यांना चाचा म्हणते. त्यांच्या वडिलांनी रेडिओ दुरुस्त केले, ते स्वतः टीव्ही आणि मिक्सर करतात. मी कधीही वकिली केलेली नाही, तरी ते मला वकीलसाहेब म्हणतात. मी ही चूक अनेकदा दुरुस्त केली, उपयोग झाला नाही.

"चाचा, तुमचे मत लेखी मिळेल का?"

"लेखी द्यायला मी काय तलाठी हाव? घरी येतो ना. कान लावल्याबिगर कसं सांगू?"

शुक्रवारी नमाज आटोपून ते आले. त्यांची तपासणीची रीत साधी आहे. मीटर-बिटर नंतर. आधी डाव्या स्पीकरची तार उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लावायची. आवाजात काही खरखर असेल तर ती जागा बदलते की नाही ते पाहायचे. बदलली तर दोष मागे, अ‍ॅम्प्लिफायरकडे किंवा सुईकडे. जागेवरच राहिली तर दोष स्पीकरचा. फिर्यादी-आरोपींना एकमेकांच्या जागी उभे करण्याची ही पद्धत मला एकदम पटली. मी माझ्या खुर्चीत बसलो. तिचे चारही पाय कुठे यावेत याच्या खुणा मी पूर्वी मोजायचा टेप धरून फरशीवर केलेल्या आहेत. दोन्ही स्पीकर तिथून समान अंतरावर येतात.

चाचांनी तारा बदलल्या आणि सुई ठेवली. मला काही विशेष फरक वाटला नाही. इकडचा तबला तिकडे गेला आणि तिकडची सारंगी इकडे आली, इतकेच. खरखर कुठेच नव्हती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पत्नी बाहेर आली. हात पिठाचे. दिवाणाशी येऊन उभी राहिली.

"अहो, ही सारंगी कुठून आली?"

"कुठून म्हणजे? रेकॉर्डमध्ये आहे."

"आपल्या रेकॉर्डमधी नव्हती. फोनात होती. मले वाटलं फोनातलं गाणं येगळं हाय."

चाचांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. त्यांनी एकदा दिवाणाकडे पाहिले, एकदा त्याला जवळजवळ खेटून असलेल्या डाव्या स्पीकरकडे आणि मग माझ्या खुर्चीकडे. "भाभी, तुमी रोज हितंच बसता का?"

"मग कुठं? खुर्ची तर यांची हाय."

"वकीलसाहेब," चाचा म्हणाले, "मशीन बेकसूर हाय. तुमी उगाच तिच्यावर केस टाकून राह्यले."

माझा विश्वास बसेना. मी चाचांना तारा पूर्ववत करायला लावल्या आणि दिवाणावर जाऊन बसलो. त्या जागी गाणे सुरू असताना मी या घरात प्रथमच बसत होतो. कानाशी तबला दणदणत होता, गाणाऱ्याचा आवाज कसाबसा पोचत होता आणि सारंगी खोलीच्या पलीकडे कुठेतरी मरून पडली होती. मी पुन्हा खुर्चीत गेलो, सारंगी आली. पुन्हा दिवाणावर, गेली. ही ये-जा मी चार वेळा केली. चाचांनी चहा संपवला, मजुरी घ्यायला नकार दिला आणि जाताना पत्नीला म्हणाले, "भाभी, यांना आता दिवाणावरून उठू नका देऊ."

दुसऱ्या दिवशी खुर्ची ओसरीवर गेली. दिवाण आम्ही दोघांनी ओढत खोलीच्या मध्यावर आणला. मी टेप काढला, तेव्हा लक्षात आले की दिवाणावर समान अंतराचा बिंदू एकच येतो आणि बसणारे दोघे आहेत. म्हणून तो बिंदू आमच्या दोघांच्या मधोमध, गिरद्यावर पडला. शुद्ध ध्वनीच्या दृष्टीने ही व्यवस्था सदोष आहे. माझी हरकत मी तोंडी नोंदवली. ती विचारात घेतली गेली नाही.

तबकडी लागली. तिने ताट आणले नव्हते. पहिली गझल संपली. दुसरीच्या मध्यावर सारंगी एकटीच वर चढत गेली, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले.

"हे एवढी वर्षं वाजून राह्यलं होतं?"

"हो."

"अन् तुम्ही एकटेच ऐकत होते."

मी माझ्या बाजूने काय मांडता येईल ते शोधले. खुणा तिला वगळण्याच्या हेतूने केलेल्या नव्हत्या, तिने कधी तक्रार केली नव्हती, मी कधी मज्जाव केला नव्हता. तिन्ही मुद्दे खरे होते आणि तिन्ही टिकण्यासारखे नव्हते. मी उठलो, सुई उचलली आणि पुन्हा पहिल्या गझलेवर ठेवली.