बॅलेच्या ताई अन् करकरत्या वहाणा

आमच्या बॅलेच्या क्लासचा एक किस्सा सांगाले घेतला की मागून दहा निघतात. आमी सहा पोरी भेटलो की चहा थंडा होऊनच जाते!

कुमुदताई कलकत्त्याच्या कंपनीत बॅले नाचायच्या. पाय मोडला, अन् अमरावतीत भावाकडे आल्या. कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात फळ्या ठोकून क्लास काढला. स्वतः डोळे मिटून बसत. उडी मारून आमी खाली आलो अन् फळी वाजली, की म्हणत, "आवाज आला!" बस. पुन्हा पहिल्यापासून!

*

एकदा मी वैतागली. "ताई, मी काय मांजर आहे?"

"नाहीस ना? मग शीक!"

*

नाचात आमच्यात सगळ्यात पक्की विमल. वरूडच्या संत्र्यावाल्या नामदेवरावांची पोर, शाळेसाठी मामाकडे राहे. कोणीतरी त्यांना सांगतलं, पोरगी नाचून राहिली. आलेच! वहाणा अशा करकरत की गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत.

"आवाज आला," ताई डोळे मिटूनच म्हणाल्या. आमी हसू दाबलं. विमल पांढरीफट्ट!

"'मले' समजते, 'तुले' समजते. हे 'बॅले' कोनाले हो, बाई?"

"तुमच्या पोरीले!" ताई कलकत्त्याच्या, पण उत्तर अस्सल वऱ्हाडी!

ते हसले नाहीत. "शनवारी घेऊन जातो इले. शाळा बी बंद, नाच बी बंद!"

आमचा कार्यक्रम शनिवारीच होता!

*

विमलचं जेवण तुटलं. "मी नाई नाचत, ताई. बाबा भर सभेतून ओढून नेतीन."

ताईंनी आपला वाकडा घोटा पुढे केला. "हा पाय मला परत मिळायचा नाही. तुझे दोन्ही धड आहेत. तू ठरव."

*

शनिवार, संध्याकाळ. हॉल खचाखच! डेप्युटी कमिशनरसाहेब यायचे होते, म्हणून पुढची रांग रिकामी. विमल स्टेजवर एकटी. पेटी सुरू झाली, अन् मागून... करकर, करकर.

पेटीवाला थांबला. विमल थांबली नाही! उडी घेतली, खाली आली. फळी वाजलीच नाही!

हॉल इतका चूप की फक्त वहाणा ऐकू येत. स्टेजपासून चार हातांवर नामदेवराव थबकले. वाकले. एक वहाण काढली.

"भाऊजी, नका!" मामा ओरडला.

त्यांनी दुसरीबी काढली. दोन्ही काखेत मारल्या, अन् चवड्यांवर चालत, मांजरासारखे, जाऊन साहेबाच्या खुर्चीत बसले!

विंगेत ताईंचे डोळे मिटलेलेच होते. हळूच म्हणाल्या, "आता नाही आला."