ढोलाच्या जागा

"हितं ढोल कुनी काढला?" बिरूआण्णांनी मला मध्येच थांबवलं.

बिरूआण्णा आटपाडीकडचे, धनगरी ओव्या म्हणतात. ही लांब ओवी अख्खी येणारे त्यांच्या भागात आता ते एकटेच. तासगावला कॉलेजात शिकवणाऱ्या सुजाता मॅडमनी ती त्यांच्यासमोर बसून टाइप केली होती. पुस्तकाची पानं छपाईसाठी आमच्या सांगलीच्या ऑफिसात लागत होती. मॅडमनी आण्णांना शब्द दिला होता, तुम्ही ऐकल्याशिवाय छापणार नाही. आण्णांना वाचता येत नाही आणि मॅडम परीक्षेच्या ड्यूटीवर. म्हणून शेवटची प्रिंट मी वाचून दाखवत होते.

"आहे तसंच वाचलं, आण्णा."

"व्हय, पर मागं लांडगा लागल्यागत. थांबलासा कुठं?"

मी पान पाहिलं. सगळ्या ओळी डावीकडे एका रेषेत होत्या.

आम्ही पुस्तकं लाटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लावतो. त्यात मजकुराबरोबर सूचनाही टाइप करतात, हे शीर्षक, ही तळटीप. त्यावरून पान तयार होतं. चार जणांचे हात लागले की फाइल वेडीवाकडी दिसते. ती आवरायला, ओळींच्या सुरुवातीच्या स्पेस एकसारख्या करायला फॉर्मॅटर नावाचं टूल असतं. त्यानं छापील पान बदलत नाही, कारण ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस लाटेक मोजतच नाही.

ओवीच्या प्रकरणात मात्र त्या मोजायच्या होत्या. ओळीआधी थोडी जागा म्हणजे श्वास, जास्त जागा म्हणजे ढोल. मॅडमनी टाइप करताना तशा जागा सोडल्या होत्या. त्या पानावर जशाच्या तशा उमटाव्यात म्हणून ‘ओवी’ नावाची खास सोय मीच बनवली होती. मॅडमनी प्रूफ पास केलं, त्यानंतर आमच्या सरांनी सगळ्या फाइली आवरायला सांगितल्या. मी टूल चालवलं. एरर आला नाही. पानं आधी होती तेवढीच भरली. तेवढं बघून मी फाइल बंद केली.

सरांना केबिनमधून बोलावलं.

"छपाईच्या प्लेटी उद्या काढायच्यात," ते म्हणाले. "शब्द सगळे आहेत ना?"

"शब्द आहेत. जागा गेल्यात."

"मोकळ्या जागांसाठी प्रेसची पाळी घालवायची?"

आण्णा खुर्चीतून उठले नाहीत. "मालक, शब्द कुनालाबी पाठ हुत्यात. थांबायचं कुठं, ते शिकाय मला बारा वरसं गेली. मी गेल्यावर पोरं ह्यातनंच शिकनार."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "किती वेळ लागेल?"

"जुनी कॉपी आहे. चहा होईपर्यंत."

कुठलंही टूल चालवण्याआधी मी फोल्डरची कॉपी ठेवते. त्यातून ते प्रकरण परत आणलं. कशाला हात लावायचा नाही, याची एक यादी टूलला देता येते. त्यात ‘ओवी’ लिहिलं. फॉर्मॅटर पुन्हा चालवला, प्रिंट काढली आणि पहिल्यापासून वाचायला बसले. मोठी जागा आली की मी थांबायचे आणि आण्णा टेबलावर थाप द्यायचे. दोन वेळा मी थांबायला विसरले, थाप चुकली नाही.

"आता छापा," आण्णा म्हणाले आणि एसटीची वेळ विचारली.

प्लेटी ठरल्या दिवशी निघाल्या. टूलची चूक नव्हती. यादी देणं माझं काम होतं. आता फॉर्मॅटर चालवला की मी जुनं आणि नवं पान एकावर एक ठेवून बघते. पानांची संख्या कुणीही मोजू शकतं.