हिराबाईंची विळी

सकाळी चहा घेत असताना हिराबाईंच्या सुनेचा, सुनंदाचा फोन आला. "वकीलसाहेब, आय आता तारखेला येनार न्हाय." मी सवयीनं म्हणालो, "बरं, गैरहजेरीचा अर्ज टाकतो. तब्येत बरी नाही का?" ती म्हणाली, "गेली आय." सासूच्या मरणाची बातमी सांगणाऱ्या बाईला मी अर्जाचं बोललो होतो. याला दीड महिना झाला, पण त्याची लाज अजून जात नाही.

हिराबाई अलिबागपासून तासाभरावरच्या कोळीवाड्यातल्या. खाडीच्या तोंडाशी एका कंपनीनं भराव टाकायला घेतला, बोटींची वाटच बंद होणार होती, म्हणून सगळा वाडा रस्त्यावर बसला. बायका बंदरावरून थेट टोपल्या घेऊन आल्या. मासळी तशीच ठेवली तर नासणार, म्हणून हिराबाईंनी विळीही आणली आणि घोषणा देता देता बांगडे कापत बसल्या. कुणी कुणाला धक्कासुद्धा लावला नाही. तरी सोळा जणांवर गुन्हा नोंदला गेला. बेकायदा जमाव, सरकारी कामात अडथळा, आणि आरोपी क्रमांक तीनजवळ 'धारदार हत्यार'. लग्नात आईनं दिलेली ती विळी मुद्देमालात जमा झाली.

खरं सांगायचं तर पहिली चूक माझीच. सर्वांना दोषमुक्त करावं म्हणून अर्ज केला, आंदोलन शांततेत झालं हे पानंच्या पानं लिहिलं, पण विळीचा उल्लेखच केला नाही. मला ती इतकी क्षुल्लक वाटली! सरकारी वकिलांनी नेमकी तीच धरली आणि अर्ज फेटाळला गेला. मग वरचं कोर्ट, तिथून पुन्हा खाली, साहेब रजेवर, साहेबांची बदली… हिराबाई मात्र प्रत्येक तारखेला पहिल्या एसटीनं येऊन व्हरांड्यातल्या बाकावर हजर. मला कधी बोल लावला नाही, उलट सुकवलेल्या कोळंबीचे सोडे बांधून आणायच्या. एकदा कंटाळून मीच म्हणालो, "गुन्हा कबूल करा, थोडा दंड होईल, मोकळ्या व्हाल." त्या म्हणाल्या, "रस्त्यावर बसले, ह्ये कबूल. पन गुन्हा कवा केला मी? आन इली जर हत्यार, तर माजी सगली चूल तुरुंगात टाका. जजसाहेबानं सांगायला पायजे, हिरानं गुन्हा न्हाय केला. तवर मी येनार."

निदान विळी तरी परत मिळावी म्हणून मी तसा अर्ज केला, तो मंजूरही झाला. अंगठ्याला शाई लावून झाली होती. पावतीवर काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. "जप्त हत्यार परत मिळाले," मी वाचलं. त्यांनी अंगठा पदराला पुसला, विळी तिथंच सोडली आणि एसटी स्टँडची वाट धरली.

हिराबाई वारल्यावर तीन आठवड्यांनी निकाल लागला. विळी हे घरकामाचं साधन आहे, हत्यार नव्हे, असं कोर्टानं स्वच्छ लिहिलं आणि पंधरा जणांना दोषमुक्त केलं. हिराबाईंच्या नावापुढे एवढंच होतं… 'आरोपी क्रमांक तीन मयत, खटला संपुष्टात.' कायद्यानं ते बरोबरच आहे. मेलेल्या माणसाला निर्दोष ठरवण्याची सोय नाही. मला राग आला, पण तोही दमलेला.

परवा कोर्टातून सुटलेली विळी घेऊन मी वाड्यावर गेलो. पातं गंजलेलं, आणि पाटाला सुतळीनं बांधलेली पोलिसांची चिठ्ठी: 'हत्यार, नग एक'. मी सुतळी तोडायला गेलो तर सुनंदानं हात धरला. "ऱ्हाऊ द्या." तिनं पातं राखेनं घासलं, टोपली पुढ्यात ओढली आणि सासूसारखाच पाटावर पाय दाबून पहिला बांगडा कापला. मान वर न करता म्हणाली, "इलीला सोडली कोर्टानं. आमच्या आयला न्हाय सोडली."

यावर टाकायला माझ्याकडे अर्ज नव्हता.