पडलेल्या मोहाचा पंचनामा

ती केस आजही मनातून गेलेली नाही. मोहाचं झाड दिसलं की मी आधी त्याचा बुंधा बघतो.

मी सोलापूरकडचा. दहावीत शाळा सुटली, पोलीस खात्यानं पोटाला लावलं, ते उपकार विसरलो नाही. घरापासून एवढ्या लांब, चिचगडकडच्या जंगलपट्ट्यात बीट अंमलदार होतो. पंचनामा लिहिताना धास्ती वाटायची, आपल्या एका चुकीच्या ओळीनं कुणाचं वाटोळं व्हायचं.

उन्हाळ्याच्या शेवटी वादळ झालं. सकाळीच एक शेतकरी ठाण्यात आला. शेजारच्या एकट्या म्हातारीच्या वाडीतला मोह त्याच्या स्वयंपाकघरावर पडला होता. छपराची कवेलू फुटली, भिंत बसली.

"बुडीनं मुद्दाम मुळ्या तोडून ठेवल्या, साहेब. तिले आत टाका!"

वाऱ्यानं झाड पडलं तर मालकाचा दोष धरत नाहीत. पण झाड धोक्याचं आहे हे माहीत असून मालक गप्प बसला, तर भरपाईचा दिवाणी दावा लागू शकतो. आणि मुद्दाम पाडलं असेल, तर गुन्हा. भरपाईसाठी विकायला म्हातारीकडं घराशिवाय काही नव्हतं; म्हणजे झाड पडलं कशानं, यावर ते राहणार की जाणार हे ठरणार होतं.

फिर्यादी शेतकऱ्याला घेऊन मी गेलो तेव्हा म्हातारी दारात गाठोडं बांधून बसली होती.

"कुठं निघालात, मावशी?"

"तुमीच नेऊन राहिले ना जी? लुगडं घेतलं, तंबाखू घेतला."

"मुळ्या तोडल्या?"

"कायले तोडू? माहं मीठ-मिरची त्याच्याच फुलावर चालते."

फिर्यादी ओरडला, "नाटकं करून राहिली!"

गावच्या पोलीस पाटलानं मला बाजूला घेतलं. "मुळ्या सोडा साहेब. तक्रारवाल्याच्या बाजूनं बुंधा पाहा."

मी वाकलो. मुळ्या ताणून तुटलेल्या, कुऱ्हाडीचा घाव कुठंच नाही. बुंधा मात्र फिर्यादीच्या बाजूनं काळा आणि पोकळ. हात घातला तर कोळसा आला.

"हा जाळ कशाचा?"

पाटलानं सांगितलं. आपल्या हद्दीत पडलेली मोहफुलं आपली, ही गावची रीत. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं वेचायला सोपी जातात.

"दरसाल मीच लावतो," फिर्यादी पुटपुटला. "सारेच लावतात, साहेब. झाड जळते हे कसं ध्यानात येईन?" आणि मोडक्या भिंतीवरच बसला.

म्हातारी सुटली होती. पण तीच बोलली, "मले दिसत होतं जी, पोकळ होऊन राहिलं ते. याच्या जाळात माहीही जागा साफ होऊन जाये, म्हणून मी गप राहिली."

माझा पेन थांबला. विचारलं नसताना तिनं दोष अंगावर घेतला होता. ते लिहिलं तर तिच्यावर भरपाईचा दावा लागू शकत होता.

तेवढ्यात फिर्यादी उठला. "साहेब, ते नोका लिहू. माही तक्रारच नाही."

डोळ्यांना दिसलं तेवढं मी पंचनाम्यात लिहिलं, मुळ्या आणि बुंधा. तक्रार नसल्याचा त्याचा जबाब घेतला. झाड कुणाचं हे सातबाऱ्यावरून कळतं. बाकीचं माणसांच्या तोंडून येतं, पण त्यासाठी दम धरावा लागतो. एवढं मला त्या दोघांनी शिकवलं.

निघताना पाहिलं, फिर्यादीची बायको म्हातारीच्या चुलीवर भात टाकत होती. तो दारात उभा राहून म्हणत होता, "मोठीमाय, सोड ना आता ते गाठोडं."