जंभेरीवरचा संत्रा

जंभेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या कोवळ्या खोडावर चाकू फिरला की एक हिरवट, आंबट वास बोटांना चिकटतो आणि साबणानेही दिवसभर जात नाही. गेल्या हिवाळ्यात, पांढुर्ण्याजवळच्या आमच्या मळ्यात, कोवळ्या उन्हात मी त्या वासात बसले होते. माझा धाकटा भाऊ विनोद जंभेरीच्या सालीत संत्र्याचे डोळे बसवून कलमं बांधत होता आणि मधूनमधून दम खायला थांबत होता. त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. घरातलं कोणी देणारं आहे का, असं नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं.

मी सौंसरला जीवशास्त्र शिकवते. माणूस आणि चिंपांझी यांच्या जनुकांत फरक किती थोडा, उंदराशी आपलं किती जुळतं, केळीच्या झाडातही आपल्याशी नातं सांगणारी जनुकं कशी सापडतात, हे मी दरवर्षी रंगवून सांगते, आणि मग केळं खाणाऱ्याला पोरं 'काकाले खाऊन राहिला' म्हणून चिडवतात. एवढं सगळ्या सृष्टीशी जुळत असताना सख्ख्या भावाशी जुळणारच, हे मी तपासणीआधीच धरून चालले होते. आईने तर धरलंच होतं. पण माझी गाडी रक्तगटापाशीच अडली, आईचं वय आड आलं. जुळलं ते मीनाचं, विनोदच्या बायकोचं, आणि ती जाम नदीपलीकडच्या सावरगावची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव ही दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात. अशाच एका गोटमारीत आईच्या भावाचा डोळा गेला होता. पुढे विनोदने सावरगावची मुलगी पसंत केली तेव्हा आईने लग्न लावून दिलं, पण मीनाशी ती कामापुरतंच बोलत राहिली. आता मुलाचा जीव त्याच मुलीच्या हाती होता. आईने नाही म्हटलं नाही, नुसती देवापुढे बसून राहिली. मला विनोदच्या जिवाची भीती वाटत होती आणि मीनाच्याही.

मीनाची किडनी विनोदला बसवायचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं, दोघंही सुखरूप घरी आली. त्या संध्याकाळी ओसरीवर आईने मला विचारलं, "थे त्याच्या अंगात गेलं, तरी तिचंच राहीन का वं?"

तिचंच, मी म्हटलं. वर संत्रा कितीही फळला तरी खालचं मूळ जंभेरीचंच राहतं आणि खोडावरचा सांधा जन्मभर दिसतो. तसं त्या किडनीच्या पेशीपेशीत मीनाच राहणार. विनोदचं शरीर तिला परकीच मानणार, म्हणून औषधंही जन्मभर.  आई उठली आणि आत पडून असलेल्या मीनाच्या उशाशी जाऊन बसली.

"माहेरी तुले काय आवडे वं खाले?"

मीनाने विचारलं, काऊन?

"नव्या घरी आलं नं थे तुयं. करमलं पायजे त्याले."

मीनाला या घरात येऊन कितीतरी वर्षं झाली होती; तिला हे कोणी विचारलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, ओल्या तुरीच्या दाण्यांची, सोल्यांची भाजी.

तुरीला शेंगा धरायला अजून अख्खा पावसाळा जायचा होता. आई म्हणाली, करू.