सरांच्या हॅटमधले तुरे

सोमण सर गेल्याची बातमी मला बारामतीच्या एस.टी. स्टँडवर कळली. इंदापूरच्या गाडीला वेळ होता म्हणून मी चहा घेत उभा होतो. तेवढ्यात पुण्याच्या गाडीतून आमच्या शिबिरातला जुना सोबती दाते उतरला. हातातली वळकटी खाली ठेवून, माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "सर सुटले रे. परवा पहाटे... झोपेतच." मला आधी बरं वाटलं आणि मग रडू आलं. हा क्रम मी मुद्दाम लिहितो आहे. शेवटच्या वर्षात दम्यानं सरांना पाठ टेकू दिली नव्हती. उशा रचून, पुढे वाकून, टेबलावर डोकं ठेवून ते रात्र काढत. असा माणूस झोपेत जातो म्हणजे तो झोपला होता, हेच मोठं सुख. चहा तसाच ठेवून मी आणि दाते स्टँडच्या बाकावर बसलो. काही वेळानं दोघांनाही एकाच वेळी त्यांचं ते 'हुश्श' आठवलं आणि आम्ही चक्क हसलो.

ते 'हुश्श' ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सर कळले नाहीत, असं मी खुशाल म्हणेन. कुठलंही काम हातावेगळं झालं की डोक्यावरची खाकी सोला हॅट काढायची, गुडघ्यावर ठेवायची, टकलावरून रुमाल फिरवायचा आणि पोटातून 'हुश्श' म्हणायचं. व्याख्यान संपलं, हुश्श. गाडी वेळेवर सुटली, हुश्श. घरी आलेले व्याही परत गेले, तरी हुश्श. माती हा त्यांचा विषय. पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या पोरांना संशोधन कसं करायचं हे कुणीतरी शिकवलं पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्या काळी हे जरा चमत्कारिकच होतं. पदवी घेतली, फेलोशिप मिळाली, की मुलाला सगळं येतं असं धरून चालत. सर म्हणत, "पोहायला येतं का हे न विचारता विहिरीत ढकलतात." मग खटपट करून, वरच्यांच्या मागे लागून त्यांनी आम्हा दहा-बारा जणांचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण शिबिर काढलं. तेही पुण्यात नाही, तर इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याजवळच्या कालव्याच्या बंगल्यात.

पन्नास सालानंतरची ती पहिलीच काही वर्षं. दौंडहून बारामतीला येणाऱ्या गाडीत आमची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली होती. एम.एस्सी. झालेल्यांना खणायला कोण शिकवणार, असं दाते गाडीभर बडबडत होता. पण माझी परिस्थिती वेगळी होती. माझी फेलोशिप तात्पुरती होती. शिबिराच्या शेवटच्या दिवशी पुण्याहून दोन वडीलधारे प्राध्यापक येणार, त्यांच्यासमोर प्रत्येकानं आपल्या कामाचं निवेदन करायचं आणि त्यावरून पुढे संशोधन चालू ठेवायचं की नाही ते ठरणार. नाही म्हटलं तर माझ्यासाठी मामांच्या ओळखीनं वखारीतली कारकुनी तयारच होती. मला ती कारकुनी स्वप्नातसुद्धा नको होती.

पहिल्याच संध्याकाळी सरांनी आम्हाला बंगल्याच्या पायऱ्यांवर बसवलं आणि ओळख करून द्यायला सांगितली. नाव, गाव, शिक्षण सगळ्यांनी घडाघडा म्हटलं. सर म्हणाले, "हे मला अर्जातून कळलंय. आता आपल्या विषयातलं काय माहीत नाही ते सांगा." शेवटी कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, मग दुसरा, मग तिसरा... काळोख पडेपर्यंत आम्ही आपापलं अज्ञान सांगत होतो आणि छाती हलकी होत होती. पुढे तीन आठवडे सरांनी हाच धडा गिरवून घेतला. निवेदनाला उभं राहिलं की आधी काय ठाऊक नाही ते सांगायचं, मग काय ठाऊक आहे ते. उलट केलं की ते हॅट उचलून पुन्हा डोक्यावर घालत. ऐकण्यात मन उरलं नाही, असा त्याचा अर्थ.

दिवसा कामं असायची. शेतकऱ्याशी बोलायचं कसं, खड्डा कुठे घ्यायचा, वरची माती आणि खालची माती वेगळी कशी ठेवायची. आम्हाला दोघादोघांना गावातल्या घरांत उतरवलं होतं. मी आणि दाते सोपानरावांकडे होतो. ऊस, थोडी भाजी, आणि कालव्याकडून माळाकडे चढत गेलेली जमीन. त्यातलं कालव्यालगतचं सखल वावर चोपण होत चाललं होतं, म्हणजे पाणी मुरून मुरून क्षार वर आले होते आणि उन्हाळ्यात तिथं मीठ पडल्यासारखं पांढरं दिसे. माझा विषयच तो. हे क्षार कुठवर पसरलेत ते शोधायचं. दहा दिवस राबून मी कालव्यापासून माळापर्यंत ओळीनं माती काढली. ओसरीवर कागद पसरून त्यावर एकेक ढीग ओळीनंच ठेवला, सावलीत वाळवला, लाकडी मोगरीनं फोडला, चाळला. सोपानरावांच्या पत्नी सोनाकाकू येता-जाता कौतुकानं बघायच्या. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, "आमच्याच रानातली न्हवं ही?" मी म्हटलं, "तुमचीच." त्या समाधानानं आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. मी कालव्यावर अंघोळ करून आलो तर ओसरी लख्ख सारवलेली. कागद घडी घालून दगडाखाली ठेवलेले. माती नाही! आतून काकूंचा आवाज आला, "पावनं, या, देव बसलं. पाया पडा." देवघरात मोठी पत्रावळ, तीत माझी दहा दिवसांची माती, मातीत पेरलेलं धान्य, मधोमध घट आणि शेजारी अखंड दिवा. "किती निगुतीनं चाळलीसा," काकू म्हणाल्या, "एक खडा घावला न्हाय. म्या यांना म्हणलं, शिकल्यालं पोरगं असून देवाची जाण हाय." मी पाया पडलो. दुसरं काय करणार? घटाला रानातली माती लागते हे मला का ठाऊक नव्हतं? माझ्या आईच्या घरीही घट बसायचेच. पण ओसरीवरची माती माझ्या लेखी माती नव्हती, नमुने होते. काकूंच्या लेखी ती मातीच होती.

मी तसाच बंगल्यावर पळत गेलो. सर दाढी करत होते. सगळं ऐकून ते इतके हसले की साबणाचा फेस शर्टावर सांडला. मी रडकुंडीला आलो होतो. "सर, घट जरा उचलून थोडी थोडी माती..." ते एकदम थांबले. "देव बसले ना?" "बसले." "मग दसऱ्यापर्यंत ती माती देवाची. हात लावायचा नाही. ज्या घरात जेवतोस त्या घराचं मन मोडून कसलं संशोधन करणार आहेस? पुन्हा काढ." पुन्हा काढणार कशी? त्याच दुपारी हस्ताचा पाऊस लागला. खालच्या वावरात गुडघाभर चिखल झाला, माती काढणं आणि वाळवणं दोन्ही अशक्य. मी ओसरीवर बसून वखारीच्या गोण्या मोजायची मानसिक तयारी करू लागलो.

पाचव्या-सहाव्या माळेला घरात कुजबुज सुरू झाली. घट एका बाजूला हिरवागार उगवला होता, दुसऱ्या बाजूला मात्र दोन-चार पिवळ्या काड्या. सोपानरावांची सून इंदू पहिलटकरीण होती, सातवा लागला होता. अर्धा उगवलेला घट अपशकुनाचा मानतात; शेजारणी बघून जायच्या आणि जाताना इंदूकडे बघायच्या. काकूंनी जेवण टाकलं. इंदू चुलीपुढे बसून गुपचूप डोळे पुसायची, आणि मला माझी माती, माझं निवेदन सगळं विसरून त्या घरातून पळून जावंसं वाटायचं. शेवटी मी सरांना बोलावून आणलं.

सरांनी दारात जोडे काढले, हॅट काढली, घटापुढे मांडी घातली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "काकू, माती घेतलीत ती कुठून सुरुवात केलीत? ओसरीच्या कुठल्या टोकाकडून?"

"ह्या दाराकडनं," काकू म्हणाल्या. "मुठी मुठीनं घेतली. देवाचं काम, उजवीकडनं फिरत फिरत पसरली."

"मध्ये कालवली नाहीत?"

"न्हाय बा. कालवायची कशाला?"

दाराकडचे ढीग कालव्यालगतच्या खालच्या वावरातले होते. सरांनी माझ्याकडे बघितलं, पण माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. ते सोपानरावांकडे वळले. "सोपानराव, खालच्या वावरात गेल्या साली ऊस कसा आला?"

"कुठला येतोय सायेब? पिवळा पडला, बसला. औंदा तर उगावलाच न्हाय."

"मग देवीनं तुम्हाला न ठाऊक असलेलं काय सांगितलं?" सरांनी उघड्या बाजूवर बोट नेलं, पण मातीला लावलं नाही. "ही बाजू खालच्या वावराची, ही मधल्या, ही माळाची. तुमचं अख्खं रान काकूंनी या पत्रावळीत मांडलंय. जिथं रानात उगवत नाही तिथं इथंही उगवलं नाही. यात सूनबाईचा काय संबंध?"

सोपानराव वाकून वाकून बघत राहिले. "आयला... व्हय की," एवढंच म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला, आणि त्या रडताहेत असं वाटेपर्यंत हसायला लागल्या. "आगं इंदे, हिकडं यं, बघ. मिठाची माती हाय, दुसरं काय न्हाय!" इंदू आली, बघितलं, आणि तिथंच खाली बसली. सरांनी हॅट गुडघ्यावर ठेवली आणि 'हुश्श' म्हटलं. त्या दिवशी घरात सगळे पोटभर जेवले.

समारोप दसऱ्यालाच होता, कारण त्या दिवशी मुहूर्त शोधावा लागत नाही असं सरांचं म्हणणं. सणाच्या दिवशी प्रवास करावा लागल्यामुळे ते दोन प्राध्यापक आधीच कावले होते. माझी पाळी आली तेव्हा उठवलेल्या घटाची पत्रावळ डोक्यावर घेऊन सोनाकाकू स्वतः बंगल्यावर आल्या, मागे सोपानराव. एका प्राध्यापकांनी भुवया चढवून विचारलं, "हे काय?" माझ्या तोंडातून सवयीनं आधी ठाऊक नसलेलंच आलं. माती किती घेतली ते मला ठाऊक नाही, बी किती पडलं ठाऊक नाही, पाणी काकूंच्या तांब्यानं पडलं. म्हणून हा पुरावा नाही. पण क्षार कुठे थांबतात आणि खड्डे कुठे घ्यायचे ते मला आता कळलंय, आणि चर कुठून काढला तर पाणी उतरेल तेही शोधता येईल. मी खाली बसलो. दुसरे प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "निदान हा मुलगा खोटं बोलत नाही. चालू राहू द्या." मी सरांकडे बघितलं. हॅट गुडघ्यावरच होती. काकूंनी तुरे खुडून आधी सोपानरावांच्या पटक्यात खोवले आणि मग बेधडक सरांच्या हॅटच्या फितीत. एक जुडी दाट, हिरवी. दुसरी म्हणजे दोन पिवळ्या काड्या.

इंदूला मुलगी झाली, सुखरूप. ती पुढे ओसरीभर पळायची आणि माझ्या मातीच्या ढिगांवर बसायची. सोपानरावांच्या रानात चर निघाला, पाणी हळूहळू उतरू लागलं. माझं संशोधन तिथंच झालं, पुढे नोकरीही याच तालुक्यात लागली. आणि सरांनी एक नवंच खूळ काढलं. दर नवरात्रात मी त्या खालच्या वावरातली पिशवीभर माती पुण्याला त्यांच्या घरी न्यायची. त्यांच्या पत्नी माई घट बसवायच्या, अर्धी माती लासुर्ण्याची, अर्धी त्यांच्या परसातली. दसऱ्याला सर दोन्ही बाजूंचे तुरे हॅटमध्ये खोवून मला बोलवायचे. पहिल्या वर्षी आमच्या बाजूला पाच-सात काड्या आल्या होत्या. पुढे थोड्या जास्त... मग आणखी. माई थट्टा करायच्या, "स्वतःच्या मुलांची प्रगतिपुस्तकं कधी एवढी बघितली नाहीत!"

या दसऱ्याला गेलो तेव्हा सर टेबलावर उशा रचून, पुढे वाकून बसले होते. बोलायला श्वास पुरत नव्हता. त्यांनी मला घटाकडे जायची खूण केली. मी बघून परत आलो तोवर त्यांची हॅट गुडघ्यावर आली होती. 'हुश्श' म्हणताना त्यांना खोकला आला, म्हणून ते अर्धंच राहिलं. पण चेहरा हसरा होता.

बातमी कळल्यावर मी आणि दाते दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. त्यांच्या खोलीत उशा काढून टाकल्या होत्या आणि पलंग प्रथमच पलंगासारखा दिसत होता. हॅट खुंटीवर होती, फितीत यंदाच्या दोन जुड्या, वाळलेल्या. माई म्हणाल्या, "तुझ्या मातीतले तुरे तू घेऊन जा." मी हॅट खाली घेतली, खिडकीपाशी नेली, दोन्ही जुड्या उलटसुलट करून बघितल्या. दोन्ही सारख्याच दाट होत्या. आमच्या मातीतली कुठली, ते मला ओळखता आलं नाही.