मधोमध चालणारी राही

राही मांडवी बंदरावरची. वीस वर्षं ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मांडवीवरून बाजारात आणि बाजारातून वरच्या आळ्यांत चालत होती. चुंबळीवर पाटी, एक हात कमरेला आणि मान ताठ. वाटेत कुणी हाक मारली तर ती मान वळवायची नाही, अख्खी वळायची. आम्हा वकिलांच्या कारकुनांना वाटे, बाईला गर्व फार. डोक्यावर वीस शेर बांगडे असले की गर्वाला जागा उरत नाही, ही साधी गोष्ट मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळली, आणि तीसुद्धा कोर्टात.

बाजाराच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकाच मालकाची आंब्याची बाग होती. दगडी गडग्यांवरून फांद्या इतक्या खाली उतरलेल्या, की पाटीवाल्या बायकांना कडेने जाताच येत नसे. पाटीला फांदी लागली की मासळी धुळीत. म्हणून त्या रस्त्याच्या मधोमध चालत. राहीने बागवाल्याला दोनदा सांगून पाहिलं होतं. "फळती फांदी कोण तोडतो गो?" म्हणून त्याने तिला वाटेला लावलं.

१९३२च्या माघात, भर सकाळी, तिथेच उतारूंच्या सर्विस मोटरने राहीला मागून उडवलं. तिची नणंद चिमा रिकामी पाटी घेऊन मागून येत होती, ती भोंगा ऐकून गडग्याला चिकटली. राही वळायला लागली, पण अख्खं वळायला वेळ लागतो. बांगडे रस्ताभर झाले आणि राही गटारात. वीस दिवस दवाखान्यात काढले. हाडं सांधली, पण मानेचा मणका कायमचा धरला. पाटी आता शेराचीही पेलवेना.

आणि मग तिच्याच घरी समन्स आलं. रस्त्यात उभं राहून रहदारीला अडथळा केल्याचं! ज्याने उडवलं तो साक्षीदार आणि जी उडाली ती आरोपी. चोर तर चोर, वर शिरजोर, ते हेच.

समन्स घेऊन ती आमच्या हरिश्चंद्रपंत वकिलांकडे आली. पंत बाहेर गेले होते. मी कागद वाचला आणि मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "दोन रुपये दंड होईल. गुन्हा कबूल कर नि मोकळी हो."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दौतीचं झाकण उगाचच उघडलं आणि लावलं.

"मी काय केलंय म्हनून कबूल करू? त्येनं मला पाठीमागून उडवलंन. तुमच्या पाठीत कुनी लाथ घातलीन, तर पाठ मधी आली म्हनून तुमीच माफी मागाल काय हो, भाऊ?"

पंत परत आले तेव्हा त्यांनी माझीच खरडपट्टी काढली. "अरे, उद्या मोटरमालकावर भरपाईचा दावा लावायचा आहे. तिने आज कबुली दिली, की त्याचा वकील हाच कागद नाचवील. मग हिला दमडी मिळायची नाही. आणि समज, ती चालली असेल चुकीच्या जागी. म्हणून काय झालं? समोर माणूस दिसत असताना ब्रेक न लावता अंगावर गाडी घालण्याची सनद कुठल्या कायद्याने दिली आहे रे?"

मी कागद पुढे ओढला.

कोर्टात ड्रायव्हर गंगाराम आधी उभा राहिला. "भोंगा दिला सायेब. ही बाय वळून बगेचना."

"मान का वळवली नाहीस?" मॅजिस्ट्रेटने राहीला विचारलं.

"पाटीखाली मान वळत न्हाय सायेब. आख्खी बाय वळते."

लोक हसले.

"मग कडेने का चालत नव्हतीस?"

"कडंला फांद्या लागतात."

पुन्हा हसले. त्या हसणाऱ्यांत दोघे असे होते, की राहीच्या पाटीतली मासळी आल्याशिवाय ज्यांच्या घरी चूल पेटत नसे. त्यांची तोंडं आठवली की अजून माझे हात शिवशिवतात.

राही पंतांसाठी थांबली नाही. "मी येक इचारू काय ह्येला?" मॅजिस्ट्रेटने मान डोलावली.

"गंगाराम, तू मोटर कुटून चालवत व्हतास?"

"मधून."

"मधून कशाला? डावी कड सोडलीस कशाला?"

"अगो, टपावर ट्रंका असतात. फांद्यांना घासतात."

तो बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. कोर्टात कुणी हसलं नाही.

"ऐकलंत, सायेब?" राहीचा आवाज चढला. "फांदी तीच. त्येच्या ट्रंका घासतात म्हनून तो मधून जातो तो शाना, आनि माजी पाटी पडते म्हनून मी मधून जाते ती गुन्हेगार?"

ती निर्दोष सुटली. त्या दिवशी पंतांनी मला स्वतःच्या पैशांनी चहा पाजला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

मग आम्ही भरपाईचा दावा लावला. मोटरमालकाचं उत्तर आलं: रस्त्याची कड चालण्यास पूर्ण मोकळी असता, वादी हट्टाने मधोमध चालली. पंत खदखदून हसले आणि जागा तपासायला कोर्टाकडून कमिशनर मागून घेतला. आठ दिवसांनी, पुढच्या वर्षीच्या माघात, त्याच्याबरोबर आम्ही गेलो. राहीही आली.

फांद्या नव्हत्या. एकही नव्हती. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या वरपर्यंत सगळं साफ, आणि खोडांवर ताज्या कापांचा चीक वाळत होता. बागवाला गडग्यापलीकडे उभा होता. पंतांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "मोटरशेटनी शब्द टाकला. आमच्या फांद्यांनी त्यांच्या टपाचा रंग जातो म्हणे." फळत्या फांद्या होत्या, मोहोर आलेल्या. पंत ओरडून सांगत होते, हे खुंट लिहा, हा चीक लिहा. कमिशनरने लिहिलं, "तपासणीच्या दिवशी कड मोकळी आढळली." राहीला वर बघता येत नव्हतं. चिमाने तिला दोन्ही खांद्यांना धरून मागे झुकवलं, तेव्हा तिला ते खुंट दिसले.

दावा फेटाळला गेला; गंगारामची जबानी फौजदारी खटल्यातली म्हणून बाजूला ठेवली. निकालाची नक्कल मीच माझ्या हाताने उतरवली. माझ्या अक्षराची सगळे तारीफ करत. त्या दिवशी ते अक्षर मला पाहवेना.

सांगायला मांडवीवर मीच गेलो. राही जमिनीवर पोतं टाकून चिमाने आणलेली मासळी विकत बसली होती. मी हाक मारली तशी ती बसल्या जागी अख्खी वळली.

"दावा गेला, राही. कडेला फांद्या नव्हत्या, असं ठरलं."

तिने हातातला बांगडा खाली ठेवला.

"आट दिवसांत तोडल्यानी ना, भाऊ?"

"हो."

"म्हंजे तोडता येत व्हत्या."